घरचा आठवडा

दिपमालाच्या हातातला फोन बंद झाला. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळात वांगी तडतडत होती. भरिताला जमलेली मंडळी आधी दिपमालाकडे पाहत राहिली आणि मग, एकेक करून, प्रेमराजकडे वळली. लाकडी बडगीत वांगी ठेचणारे त्याचे हात थबकले होते. चेहरा असा उतरला होता, की दिपमालाच्या आनंदाला त्या चेहऱ्यापाशी जाऊन उंबऱ्यावरच थांबावे लागले.

बातमी तर चांगलीच होती. विमान कंपनीतल्या बाईंचे बोलणे स्पीकरवर सगळ्यांनीच ऐकले होते. वैमानिक म्हणून निवड झाली. सोमवारपासूनचा आठवडा घरीच थांबायचे, त्यापुढचा आकाशात. मग कायम असेच, आड आठवड्याने. आणि घर कोणत्या शहरात, ते आज संध्याकाळच्या आत कळवायचे. तिथल्या विमानतळावरून कंपनी तिकीट काढून नेणार, तिथेच आणून सोडणार. एकदा कळवले, की सहजासहजी बदलणार नाही.

दिपमाला सोनगीरची. जळगावच्या धावपट्टीवर ती शिकाऊ वैमानिकांना उड्डाण शिकवायची. पोळ्याच्या सुमाराला, एका कलत्या दुपारी ती फाटकाबाहेर आली, तेव्हा एक उंच, सावळा तरुण पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होता. कुंपणाला लागून त्याचे शेत. विमाने इतकी खाली येतात, की बाया खुरपी टाकून बसतात, ही तक्रार.

“निंदणी होत नाही, मॅडम. अख्खं शेत वर बघत बसतं.”

“मग त्यांना खाली बघायला सांगायचं.”

“कोणत्या तोंडानं सांगू? सगळ्यात जास्त वेळ वर बघतो तो मीच.”

ती हसली नाही. पण न हसण्यासाठी चाललेली ओठांच्या कोपऱ्यातली खटपट त्याला दिसली असावी. कारण दुसऱ्या दिवशी तीच तक्रार घेऊन तो पुन्हा आला, आणि सोबत हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी. तक्रारीचा निकाल काही लागला नाही. मग ती रोजचीच झाली... फाटकापाशी, चहाच्या टपरीवर, केळीच्या पानांतून गाळून येणाऱ्या उन्हात.

फक्त एक आड एक आठवडा तो दिसत नसे. त्याच्या शेतातली विहीर त्याची एकट्याची नव्हती. निम्मी त्याची, निम्मी चुलतभाऊ रतिलालची. एक आठवडा याच्या पाण्याची बारी, एक त्याच्या. बारी असली की प्रेमराज पाटावरून हलायचा नाही.

मुंबईच्या मुलाखतीत हीच विहीर तिच्या कामी आली. एका विमानाचे अनेक मालक, ज्याचा जेवढा वाटा तेवढेच त्याचे उड्डाण. हा व्यवहार गिऱ्हाइकाला कसा समजावून सांगाल, असे विचारल्यावर तिने विहीर सांगितली, पाट सांगितला, बारी सांगितली. पाहुण्यांच्या बॅगा वैमानिकालाच उचलाव्या लागतील, कॉफी द्यावी लागेल, उतरल्यावर आसनेही पुसावी लागतील, चालेल का? त्यावर ती म्हणाली, की आमच्याकडे भरिताला बोलावणारा स्वतः वाढतो आणि सगळ्यांच्या शेवटी जेवतो. समोरची माणसे हसली, आणि तिला धीर आला.

परतल्यावर हे सगळे तिने प्रेमराजला सांगितले. रुजू झाल्यावर पहिला आठवडा उड्डाणाचाच असणार, असा आपला अंदाजही सांगितला. राहिले ते एकच. तो कधी ‘थांबा’ म्हणाला नव्हता. आणि कोणी म्हटल्यावाचून थांबावे, इतके हलके तिचे मन नव्हते.

आता तो उतरलेला चेहरा पाहून तिला वाटले, हा निरोपाचाच चेहरा.

“काहीतरी बोला,” ती हळूच म्हणाली.

“चांगलं झालं,” प्रेमराज म्हणाला. पण तिला नव्हे, बडगीतल्या वांग्यांना.

ती उठून केळीच्या कडेला गेली. फोनवर तिने ‘मुंबई’ अशी अक्षरे उमटवली, आणि ती पाठवायला बोट का धजत नाही, हे स्वतःलाच विचारत उभी राहिली. तेवढ्यात जाळापलीकडून रतिलालचे हसणे फुटले.

“आरे, चार दिन मना मांगे लागना हाऊ! बारी बदली लिधी... पोर घर ऱ्हाई तवय मोकळा ऱ्हावाले. आते पोर सोमवारपासून घर, नि हाऊ पाटना काठवर!”

मंडळी खदखदली. प्रेमराजची आई, कमलबाई, तोंडाला पदर लावून भाकरी थापत राहिली. प्रेमराज मात्र उठला आणि मान खाली घालून दिपमालापाशी येऊन उभा राहिला. हाताला अजून राख लागलेली.

“खरं आहे हे? मी घरी असताना मोकळं राहायला बारी बदललीत?” तिने विचारले.

“हो.”

“मला एका शब्दानं विचारलं नाहीत.”

“तुम्ही नाही म्हणाला असतात तर...” तो थांबला. “रतिलालभाऊंचं ‘नाही’ मला सोसलं असतं, तुमचं नाही.”

“आणि तेही उलटंच करून ठेवलंत.”

“तुम्हीच म्हणाला होतात, आधी आकाश. मी त्या हिशोबानं... आता तुम्ही घरी याल तेव्हा मी चिखलात असेन. दर वेळी.”

म्हणजे मघाचा तो चेहरा — तो निरोपाचा नव्हताच. एक माणूस मनातल्या मनात आठवडे मोजत होता, आणि ते सगळे चुकीच्या बाजूला पडलेले पाहत होता. दिपमालाने मान वळवली. ‘मुंबई’ पुसली. दुसरे नाव लिहिले, आणि या वेळी बोट अडखळले नाही.

फोन तिने त्याच्यासमोर धरला. त्याने वाचले, पुन्हा वाचले.

“जळगाव?” त्याचा आवाज अगदी खाली आला होता. “इथून विमानं तरी किती... आणि घर तर तुमचं सोनगीरला. जळगावला... कोणाकडे?”

तिने त्याच्याकडे पाहिले, पुरते, डोळे भरून. त्याच्या कपाळावर राखेचा एक फराटा उमटला होता. तो तिने ओढणीच्या टोकाने पुसला. मग वळून, बांधाच्या ओल्या मातीत पावले जपत, ती रतिलालकडे बारी पुन्हा बदलून मागायला निघाली.