साडेचारचा झेंडा

झेंडा ओला होता, वारा आडवा होता आणि मागचा माणूस तिच्या नको तितका जवळ उभा होता. फटकन आवाज झाला.

"अगं आई गं!"

ती गर्रकन वळली. मागे एक उंच तरुण गाल धरून उभा होता. तिच्या पाठीला पट्ट्यांनी बांधलेल्या काठीवरचा पिवळा झेंडा बरोबर त्याच्या तोंडावर बसला होता.

"सॉरी, सॉरी! लागलं का हो?"

"लागलं ना!" एक डोळा किलकिला करून त्यानं झेंड्यावरची अक्षरं वाचली. "साडेचार तास... म्हणजे एवढा वेळ मी तुमच्या मागे राहायचं, आणि सुरुवातच थोबाडीत खाऊन?"

"मग दोन हात लांब राहा."

"लांब राहिलो आणि चुकलो, तर? नको बाई, जवळच बरा."

आजूबाजूचे चार जण हसले. तीही हसली. बारीक पाऊस पडत होता, अजून पुरतं उजाडलं नव्हतं, आणि रस्ताभर माणसं पाय झटकत, हात चोळत सुटायची वाट पाहत होती.

झेंडा पाठीला बांधून धावणाऱ्याला पेसर म्हणतात. मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. एवढं धावताना भल्याभल्यांचं गणित चुकतं. सुरुवातीला उत्साहात पाय उधळतात आणि शेवटी तेच पाय रुसून बसतात. म्हणून पेसर असतो. त्याच्या झेंड्यावर वेळ लिहिलेली असते. ज्याला तेवढ्या वेळात पोचायचंय त्यानं त्या झेंड्याचं शेपूट धरायचं, स्वतःचं डोकं घरी ठेवून आलं तरी चालतं. पेसरनं जोरात धावायचं नसतं, एकसारखं धावायचं असतं. लवकर पोचणारा पेसर उशिरा पोचणाऱ्याइतकाच वाईट, कारण त्याच्या भरवशावरची माणसं वाटेत मोडून पडतात.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. धावायची मात्र अशी एकसारखी, की क्लबातले तिला 'घड्याळ' म्हणायचे. झेंडा तिला पहिल्यांदाच मिळाला होता. आदल्या संध्याकाळी तो पाठीला बांधून ती आरशासमोर इतकी वळवळली होती, की आई म्हणाली, "पुरे गं, पडद्याची दांडी पाडशील!"

"घड्याळ, ऐक गं." पोस्टातल्या काकू गर्दीतून वाट काढत आल्या. त्या पार्सलच्या खिडकीवर बसायच्या. दोन वर्षं त्यांचे साडेचार तास थोडक्यात हुकत होते. "घरात पोरगा मला 'चार बत्तीस' म्हणून हाक मारतो. चहा दे चार बत्तीस, डबा झाला का चार बत्तीस! यंदा तोंड बंद करायचंय त्याचं. मी मनगट मोकळंच ठेवलंय बघ. सगळं तुझ्यावर."

"सोडा माझ्यावर, काकू. फक्त झेंड्यावरची नजर काढू नका."

असं म्हणाली ती. अगदी छातीठोकपणे.

शर्यत सुटली. मागे वीसेक जणांचा घोळका, पुढे मोकळा ओला रस्ता, आणि बाजूला तो. त्याची बेकरी होती. त्याच्या अंगाला खरंच भाजलेल्या लोण्याचा मंद वास येत होता... की तिला भूक लागली होती?

"तुम्ही काय करता?"

"लोकांच्या डोळ्यांत बघते."

"पगार देतात त्याचा?"

"देतात."

"आणि एखाद्यानं फुकट बघितलं तर?"

"तर त्याला भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावते."

तो खो-खो हसला. धावताना असं हसू नये, दम जातो. हे तिनं त्याला सांगायला हवं होतं. पण त्याचं हसणं ऐकून तिला आणखी एक गंमत सुचली, मग त्याला एक, मग तिला...

कितीतरी किलोमीटर असेच गेले. मग तो म्हणाला, "आज पाय फार खुशीत आहेत माझे. तुम्हाला सोडून पुढे निघू का?"

"निघा की. मी कुठं धरून ठेवलंय?"

बोलली खरी. पण पाय... पाय आपोआप लांब पडायला लागले. तोही पुढे गेला नाही. दोघं बरोबरीनं धावत राहिले, म्हणजे झेंडाच त्याच्या चालीनं धावायला लागला.

मनगटावरचं घड्याळ थरथरलं. तिनं पाहिलं. वेग जास्त होता. 'उतार असेल,' तिनं स्वतःला सांगितलं. रस्ता तव्यासारखा सपाट होता. घड्याळ पुन्हा थरथरलं. तिनं मान वळवली. घोळका विरळ झाला होता. खूप मागे काकू दिसल्या, लालबुंद. त्यांनी एक हात वर केला. थांब म्हणून? की तोंडावरचं पाणी पुसायला?

'पुसायला,' तिनं ठरवून टाकलं, आणि मान पुढे केली.

शेवटच्या कमानीखाली ती पोचली तेव्हा साडेचार वाजायला... म्हणजे शर्यतीचे साडेचार तास व्हायला चांगली दहा मिनिटं बाकी होती. मागे तिच्या घोळक्यातलं कोणी नव्हतं. रिकाम्या रस्त्यावर एक झेंडा आणि एक बेकरीवाला.

"कोणाचं तरी लग्न लवकर लागलं वाटतं!" कठड्यापलीकडून कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती घाईघाईनं झेंड्याच्या पट्ट्या सोडायला लागली.

बेकरीवाला मात्र हवेत होता. "अहो, माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ! तुमच्यामुळे! तुम्ही ना—"

"मला जायचंय," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता गर्दीत शिरली.

काकू आल्या खूप उशिरानं. पायात गोळे आले होते, एक पाय ओढत होत्या. तिला वाटलं, आता बोलतील. चार लोकांत धुतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण काकूंनी तिच्या दंडाला धरून आधार घेतला आणि ओशाळं हसल्या.

"माझंच चुकलं गं. मला तुझ्याबरोबर राहता आलं नाही. वय झालं, दुसरं काय."

तेव्हा बोलायला हवं होतं. 'नाही काकू, चूक माझी,' एवढे चार शब्द. ते ओठांपर्यंत आले आणि तिथंच बसून राहिले. तिनं फक्त मान हलवली. म्हणजे, हो म्हणाली.

ते मान हलवणं तिला घरी झोपू देईना. वेग वाढला, हे एक वेळ सांगता आलं असतं. पण एका बाईला तिचं वय झालं म्हणून मान हलवायची? आरशासमोर केस विंचरतानाही ती स्वतःची नजर चुकवायची. क्लबातल्या सेक्रेटरींना तिनं झेंडा परत दिला. ते म्हणाले, "अहो, होतं पहिल्या वेळी." त्या भल्या माणसाच्या समजूतदारपणानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवडाभरानं बेकरीवाला क्लबातून पत्ता काढून तिच्या दुकानात उगवला. हातात बिस्किटांचा पुडा.

"डोळे तपासायचेत."

"काय होतंय?"

"परवा एक बाई समोरून निघून गेल्या. मी दिसलोच नाही त्यांना. दोघांपैकी एकाचे डोळे बिघडलेत, म्हटलं आपले तरी तपासून घ्यावेत."

तिनं हसू दाबलं. त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर जड फ्रेम चढवली, दिवा मालवला.

"खालची ओळ वाचा."

त्यानं घडाघडा वाचली. "आता सांगा, राग कसला आला?"

"तुमचा नाही." ती भिंगांच्या डबीकडे बघत राहिली. अंधार होता म्हणून बरं. "मी साडेचारचा झेंडा घेऊन वीस माणसांना फसवलं. त्यातल्या एकीला वचन दिलं होतं. ती वाटेत मोडली, आणि वर माझीच माफी मागून गेली. मी गप्प बसले."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... मी बोलत राहिलो म्हणून?"

"नाही. तुम्ही नुसते बोलत होतात. घड्याळ माझ्या हातावर होतं. मी बघितलं होतं."

"मग हळू का नाही झालात?"

तिनं डबीतली भिंगं उगाच पुन्हा ओळीत लावली. बाहेर दुकानाचं दार वाजलं, कोणीतरी येऊन गेलं.

"हळू झाले असते, तर तुम्ही पुढे निघून गेला असतात."

शब्द निसटले, आणि ती केसांच्या मुळापर्यंत लाल झाली. हे असं, या तोंडानं सांगायचं होतं का? ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्याच पोटात ही दुसरी गोष्ट लपली होती. दोन्ही एकदम बाहेर आल्या. फ्रेम काढून त्यानं ती हळूच तिच्या हातात दिली.

"काकूंना सांगितलंत?"

"नाही."

"मी येऊ बरोबर?"

"नको. हे माझं मलाच करायचंय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पोस्टात रांगेला लागली. हळूहळू खिडकीशी पोचली.

"अगं, तू? पार्सल कुठंय?"

"पार्सल नाही, काकू. त्या दिवशी मी फार जोरात धावले. तुमचं काही चुकलं नव्हतं. वयाचं तर मुळीच नाही."

काकूंचा शिक्का मारणारा हात थांबला. "तुला तेव्हा कळलं होतं?"

"हो."

"मी हात केला होता तुला."

"पाहिला होता."

मागची रांग चुळबुळली. काकूंनी तिच्याकडे नीट, अगदी सावकाश पाहिलं. मग त्या तिच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, "पुढचे कोण? या."

ती बाहेर आली आणि पायरीवरच बसली. रडू आलं नाही. नुसतं हलकं आणि फार वाईट वाटत राहिलं.

पंधरा दिवस काकूंचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी त्या सरावाच्या मैदानावर हजर! कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "राग गेलेला नाही माझा. पण तुझ्याइतकं एकसारखं कोणी धावतही नाही, माझा नाइलाज आहे. पुढच्या मॅरेथॉनला माझ्याबरोबर यायचं. झेंडाबिंडा नको. आणि तो तुझा बडबड्या... त्याला यायचं असेल तर येऊ दे, पण तोंडाला कुलूप लावून."

"माझा नाही हो तो, काकू!"

"मग तुझे कान का लाल झाले?"

सहा महिने तिघं मिळून धावले. बेकरीवाला सगळ्या भट्ट्या उरकून यायचा, कपाळावर पीठ तसंच. धावताना बोलायची बंदी होती, म्हणून तो खुणा करायचा. काकूंच्या पाठीमागे गाल फुगवून त्यांची नक्कल करायचा, आणि तिला हसू गिळता गिळता ठसका लागायचा. धावणं संपलं की दोघं चालत दुकानापर्यंत जायची. कधी अहो-जाहो सुटलं, ते कोणालाच कळलं नाही. पण मनातलं नीट कोणीच बोललं नव्हतं. त्यानं दोनदा सुरुवात केली, दोन्हीदा तिनं विषय बदलला. काकूंची वेळ झाल्याशिवाय तिला स्वतःसाठी काही मागायचा धीर होईना.

शर्यतीच्या दिवशी ऊन होतं. तिघं एका रेषेत धावत होती. तिची नजर घड्याळ, काकूंची पावलं आणि पुन्हा घड्याळ, एवढ्यातच फिरत होती. तीस किलोमीटर गेले. चौतीस गेले. काकूंचा श्वास जड होता, पण चाल सुटली नव्हती. जेमतेम अर्ध्या मिनिटाची सवलत हाताशी होती.

तेवढ्यात बाजूला "आह!" झालं. बेकरीवाला पोटरी धरून रस्त्याच्या कडेला बसला होता.

तिचे पाय अडखळले.

"थांबायचं का गं?" काकूंनी धापा टाकत विचारलं. त्या खरोखरच थांबल्या असत्या.

मागून त्याचा आवाज आला. सहा महिन्यांचं कुलूप तोडून तो ओरडला, "जा! अगं, जा ना!"

"नाही, काकू," ती म्हणाली. "चला. हात हलवा. माझ्याबरोबर... एक, दोन... एक, दोन..."

पुढचा प्रत्येक किलोमीटर तिला टोचत राहिला. पहिल्यांदा त्याच्यासाठी सगळ्यांना टाकलं, आज सगळ्यात जवळच्या माणसाला रस्त्यात टाकलं. कसली बाई आहोत आपण? पण चाल तिनं तसूभर बिघडू दिली नाही. कमान दिसली तेव्हा ती ओरडली, "काकू, आता डोकं सोडा आणि पळा!" आणि काकू पळाल्या. दोन्ही हात वर करून, शाळा सुटलेल्या मुलीसारख्या.

चार तास एकोणतीस मिनिटं.

काकू फुटपाथवर बसून एकाच वेळी रडत होत्या, हसत होत्या आणि फोनवर मुलाला झापत होत्या. मधेच फोनवर हात ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "अजून इथंच? जा की, घेऊन ये त्याला!"

ती उलटी निघाली. येणाऱ्यांच्या कडेकडेनं, बेचाळीस किलोमीटर धावलेल्या पायांनी. बरंच पुढे गेल्यावर तो दिसला. एक बूट हातात, लंगडत, उन्हानं लाल.

"आता बोलू का?" त्यानं लांबूनच विचारलं.

"बोल."

"काकू?"

"झालं. एक मिनिट राखून."

त्यानं डोळे मिटून सुस्कारा टाकला. मग म्हणाला, "मला टाकून गेलीस."

"हो." तिची मान खाली गेली.

"एकदाही मागे बघितलं नाहीस. मी बघत होतो, दिसेनाशी होईपर्यंत."

"बघितलं असतं तर थांबले असते," ती म्हणाली. "मला... मला तुझ्यापासून पुढे जाताच येत नाही रे. गेल्या वेळीही नाही आलं. आज कसं आलं, माझं मला माहीत."

त्याच्या हातातला बूट खाली पडला, तो त्यानं उचललाही नाही. तिनं वर पाहिलं, तर त्याचे डोळे भरून आले होते. एरवी दुकानात ती किती डोळ्यांत बघायची, पण आज तिला नजर ठरवता येईना. तरी तिनं ती काढून घेतली नाही.

"मला वाटलं होतं," तो हळूच म्हणाला, "हे मलाच आधी सांगावं लागणार. दोनदा अडवलंस."

"आता सांग ना."

"आता काय सांगू? माझं सगळं सांगून टाकलंस की तू."

ती हसली आणि डोळे पुसले. वाकून त्याचा बूट उचलला, आणि दुसऱ्या हातानं त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. रस्त्यावरची पाण्याची टेबलं उचलायला माणसं आली होती.

"पोचायला किती वेळ लागेल आपल्याला?" त्यानं विचारलं.

"तुझ्या पायावर आहे."

"मग खूप लागेल."

"लागू दे," ती म्हणाली.