जुन्या सिस्टिममधला आवाज

पहिली खटकलेली गोष्ट अगदीच क्षुल्लक होती. लॅपटॉपच्या डिस्कचा एक भाग मी नुकताच वेगळा काढला होता, पुसून कोरा केला होता, आणि तरीही त्यात थोडीशी जागा आधीच भरलेली दिसत होती.

"कुया, मी यात अजून काहीच ठेवलेलं नाही," मी फोनवर म्हटलं.

कुया म्हणजे दादा; आर्नेल हा माझा मावसभाऊ. कालांबात त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. पलीकडे तो काहीतरी कुरकुरीत चावत होता. "तेवढी जागा डिस्क स्वतःसाठी ठेवते गं. तू म्हणजे झुरळ बघून मनिलापर्यंत पळशील. पेनड्राइव्ह लाव आणि पुढे हो."

मी लावला. त्या दुपारी मी इतकी हरखले होते की जेवायचंही विसरले होते. आई स्वतः गाणी रचायची आणि स्वयंपाकघरात बसून एका जुन्या प्रोग्रॅमवर रेकॉर्ड करायची. आई गेली आणि त्या फायली नव्या सिस्टिमवर उघडेनात. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. फोटो होते ढीगभर, पण फोटोंना काय गळा असतो? म्हणून हा बेत. नव्या सिस्टिमला हात लावायचा नाही, तिच्या शेजारी जुनी टाकायची. एकाच लॅपटॉपमध्ये दोघी.

"एक सांगून ठेवतो," आर्नेल म्हणाला, "जुनीला नवीची ओळखच नसते. ती बसली की नवी गायब झाल्यासारखी दिसेल. लगेच रडत बसू नकोस. लॅपटॉप सुरू होताना येणारी यादी दुरुस्त केली की दोघी दिसतात."

तसंच झालं. नवी गायब, मग दुरुस्ती, आणि शेवटी काळ्या पडद्यावर दोन ओळी. कोणती उघडू, असं विचारणाऱ्या. मी जुनी निवडली. ती सुरू होतानाची धून ऐकून मी खुर्चीत चक्क उडी मारली.

स्वागताच्या पडद्यावर माझं नाव आलं. लुवी.

मी लुवाल्हाती असं पूर्ण नाव टाइप केलं होतं. गावात सगळे मला हाती म्हणतात. लुवी म्हणणारी एकच होती.

"कुया, नाव आपोआप लहान होतं का?"

"काहीही होतं त्या जुन्या सिस्टिमवर. थांब, गिऱ्हाईक आलंय." फोन बंद झाला.

होत असेल, मी स्वतःला समजावलं. प्रोग्रॅम टाकला, पहिली फाईल उघडली. आधी खरखर. मग भाताच्या भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज, परसातला कोंबडा, आणि आईचं ते घसा खाकरणं… मी हसले, रडले, उठून उभी राहिले आणि पुन्हा बसले. ती गात होती. इतकी जवळून की मला तळलेल्या लसणाचा वासही आला.

चूल सकाळपासून पेटलेली नव्हती.

तेवढ्यात वीज गेली. पंखा घरघरत थांबला. शेजारच्या तिया पुरिंगच्या, म्हणजे पुरिंगमावशीच्या, दुकानातला कराओके मध्येच तुटला आणि गल्लीभर दुपारची शांतता पसरली. आई मात्र गातच होती.

लॅपटॉपची बॅटरी फुगली होती म्हणून आर्नेलनेच ती काढून नेली होती. तो फक्त वायरीवर चालायचा. पडदा तसाच उजळलेला होता. दुसऱ्या कडव्याला आईच्या आवाजात एक लहान आवाज मिसळला. पुढचा दात पडलेल्या मुलीचा, बोबडा. माझा. पण मी तिच्यासोबत कधी गायल्याचं मला आठवत नव्हतं. मग तो लहान आवाज थांबला.

"आई… कुणीतरी ऐकतंय."

"ऐकू दे. तिकडे बघू नकोस."

मी अनवाणीच बाहेर धावले.

तिया पुरिंग दुकानासमोर पुठ्ठ्याने वारा घेत बसली होती. "काय गं हाती, भूत बघितलंस की काय?"

"तिया, आई गातेय. वीज नाही, तरी…"

पुठ्ठा थांबला. तिया हळू आवाजात म्हणाली, "दार उघडं टाकून आलीस?"

"हो."

"मग तशीच आत शिरू नकोस. आधी आवाज दे."

"माझ्याच घराला?"

आमच्याकडे कुणाच्याही उंबऱ्यावर उभं राहून 'ताओ पो' म्हणायची रीत आहे. म्हणजे, मी माणूस आहे हो, दुसरं काही नाही. आतून 'ये' आलं की मगच पाऊल टाकायचं. लहानपणापासून म्हणत आलेय, पण परक्या दारांशी.

"उत्तर आलं नाही तर आत जा, ते यंत्र बंद कर आणि माझ्याकडे ये," तिया म्हणाली.

"आणि आलं तर…?"

तिने टांगलेल्या शांपूच्या पुड्या सारख्या केल्या.

मी गेले नसते तरी चाललं असतं. पण ते यंत्र एकदा बंद पडून पुन्हा उघडलंच नाही तर? त्यात आईचा आवाज होता, आणि तेवढाच होता.

पायऱ्यांशी उभी राहून मी हाक दिली. "ताओ पो."

आत गाणं चालूच.

"ताओ पो…" माझाच आवाज चिरकला.

गाणं थांबलं. लसणाचा वास दारातून बाहेर आला, गरम. खुर्ची सरकली. सपाता फरशीवर घासत आल्या, आईच्या चालीने, घाई नसलेल्या, आणि दाराच्या पडद्यापलीकडे येऊन थांबल्या. पडदा किंचित फुगला. मला पळावंसं वाटत होतं आणि तो पडदा बाजूला करून तिच्या कुशीत शिरावंसंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

"ताओ पो, आई. मी आहे… लुवी."

आतल्या बाजूने, स्वयंपाकघरातून, त्या लहान आवाजाने विचारलं, "कोण आलंय गं, आई?"

आणि पडद्यामागून, माझ्या तोंडापासून हातभरही लांब नसेल इतक्या जवळून, आईने उत्तर दिलं.

"कुणी नाही, लुवी. तू गा."