ओव्हन लावतं कोण?

“धारेखालीच धर! अजून थोडा वेळ!” ताईने पिटुकलीचं बोट गार पाण्याखाली धरलं होतं. चार वर्षांच्या पिटुकलीने भोकाड पसरलं होतं. मधूनच थांबून ती पाण्याचे बुडबुडेही बघत होती.

ओव्हनच्या काचेचा चटका बसला होता. पण ओव्हन तर कोणी लावलाच नव्हता!

“तुम्हीच लावला असणार,” आत्या म्हणाली. ती पावाच्या बेकरीत कामाला. सुट्टीत भाचरांना सांभाळायला आली होती. “आजपासून पिटुकलीला स्वयंपाकघर बंद. बिस्किटंबिस्किटं काही नाही!”

पिटुकलीचं रडणंच थांबलं. हे चटक्यापेक्षा वाईट होतं.

“शोधूनच काढतो!” ताईचा धाकटा भाऊ चष्मिस म्हणाला.

दुसऱ्या दुपारी त्याने ओव्हनवर बशीत लोण्याचा तुकडा ठेवला. “वितळला की समजायचं.”

“आणि मुंग्या आल्या की?”

“ताई, गप्प बस गं!”

तिघं स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या टेबलाखाली दबा धरून बसली. दुपार नुसती लोळत पडली होती. पडद्यातून आलेल्या उन्हात पिठाचे कण तरंगत होते, कुठे जायची घाई नसल्यासारखे. पिटुकली ताईच्या मांडीवर पेंगुळली. “लोणी पण झोपलं?” ती पुटपुटली.

तेवढ्यात आत्या आली! मळलेल्या मैद्याचं पातेलं तिने ओव्हनजवळ ठेवलं, बटण फिरवलं आणि गुणगुणत खोलीत जाऊन आडवी झाली.

लोणी हळूच बसलं, चमकलं, बशीभर पसरलं. ताईने धावत जाऊन ओव्हन बंद केला. चष्मिसने बशी थेट आत्याच्या नाकासमोर धरली.

“आत्या, हे पण आम्हीच केलं का गं?”

आत्या धडपडत उठली. “अगंबाई! पीठ फुगायला ऊब लागते रे. दोन मिनिटं लावून बंद करायचा... बेकरीत सवयच आहे. काल पण माझा डोळाच लागला की! तिथे कुठे असतात एवढुशी पोरं?”

“इथे आहे ना एक,” ताई म्हणाली.

आत्याने पिटुकलीला जवळ ओढलं. “चुकले गं मी. आणि शाबास रे तुमची! बेकरीत कोणाच्या लक्षात आलं नसतं हे.”

संध्याकाळी बिस्किटं झाली. ओव्हनपासून चार पावलांवर चष्मिसने जमिनीवर पिठाची रेघ ओढली. “पिटुकलीने याच्या पुढे यायचं नाही!”

“आणि आत्याने?”

“ओव्हन चालू असताना झोपायचं नाही!”

आत्या आणि पिटुकली रेघेअलीकडे मांडी घालून बसल्या. काचेमागे बिस्किटं सावकाश सोनेरी होत होती. आत्याच्या पापण्या जरा जड झाल्या, की पिटुकली तिच्या गालावर पिठाचं एक बोट टेकवायची.