थोडक्यात हुकणारा संघ

निवडीच्या दिवशी कळमनेरमधली दुकानं दुपारनंतर बंद असत. बंद कुणी पुकारलेला नसे. पण गिऱ्हाईकच फिरकणार नसेल तर दुकान उघडं ठेवून करायचं काय? सगळं गाव महाविद्यालयाच्या क्रीडागृहात जमलेलं असे, आणि बास्केटबॉलच्या संघात यंदा कोणती नवी पोरं घेतली हे कळेपर्यंत कुणाला घरची आठवण होत नसे. महाविद्यालयांचा आंतरनगर चषक सुरू झाल्यापासून विदर्भातल्या प्रत्येक गावाला आपापलं वेड मिळालं होतं. कळमनेरचं वेड इतरांपेक्षा जरा जास्त होतं, कारण एक वर्ष सोडलं तर कळमनेर दर वर्षी थोडक्यात हरत असे.

थोडक्यात म्हणजे जिवाला चटका लावून. एकदा शेवटचा चेंडू रिंगवर गोल फिरला आणि बाहेर पडला. एकदा संघातल्या सगळ्यात भरवशाच्या गड्यानं सोपा फ्री थ्रो चुकवला. एकदा उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला आघाडी हातची गेली. प्रत्येक पराभवानंतर महाविद्यालय एकच सांगे, की संघाची नव्यानं बांधणी चालू आहे. "एवढ्या वर्षांत धरण बांधून होते जी," असं कुंदा वानखडेनं भर सभेत प्राचार्यांना सुनावलं होतं, आणि त्यावर गावानं टाळ्या पिटल्या होत्या.

कुंदाचं चौकात चष्म्याचं दुकान होतं. पण गाव तिला ओळखे ते 'सहावा गडी' मंडळाची अध्यक्ष म्हणून. कोर्टवर पाच खेळतात, सहावा म्हणजे प्रेक्षक. या सहाव्या गड्यासाठी महाविद्यालयाच्या मेंदूविज्ञान केंद्रानं हातात घालायच्या पट्ट्या वाटल्या होत्या. सामना पाहताना छातीचे ठोके, घाम, आरडाओरडा यांवरून ही पट्टी गावाचा जोर मोजते आणि सगळ्यात जोरदार गावाला ढाल मिळते, असं लोकांना सांगितलेलं होतं. चषक नाही तर नाही, निदान ढाल तरी हातची जाऊ द्यायची नाही, म्हणून कळमनेरकर ती पट्टी आंघोळीलासुद्धा काढत नसत. झोपेतही गुण वाढतात अशी कुणीतरी आवई उठवली होती, तेव्हापासून म्हातारीकोतारी पट्टी घालूनच झोपत.

यंदा मात्र गावाला चषकच दिसत होता, कारण अगस्ती मडावी नावाचा पोरगा चाचणीला आला होता. जवळच्याच डोंगराकडच्या गावचा हा मुलगा दारातून वाकून आत यायचा आणि उडी मारली की त्याचं कोपर रिंगच्या वर जायचं. चाचणी सामन्यात त्यानं जुन्या संघाला अक्षरशः पळता भुई थोडी केली. कुंदाचे वडील नामदेवराव, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, बाकावर उभे राहून ओरडले होते, "हाच तो! हाच तो पोट्टा!"

आणि आज भोंग्यावरून नाव आलं सुमेध तागडेचं. सुमेध कष्टाळू होता, कुणी म्हटलं तर फरशीही पुसेल असा भला होता, आणि उंचीनं, वेगानं, सगळ्यानंच बोटभर कमी होता. दर वर्षी निवड समिती नेमका असाच मुलगा शोधून काढायची. मडावी आर्णीपूरच्या महाविद्यालयात गेल्याचं पाठोपाठ कळलं. क्रीडागृहात खुर्च्या आपटायला सुरुवात झाली. "विकला गेला पोट्टा," कुणीतरी म्हणालं.

कुंदानं तिथूनच मडावीला फोन लावला. ती भांडायच्याच तयारीत होती, पण पलीकडचा आवाज रडवेला होता.

"ताई, मी नाही म्हटलंच नाही जी. मले कळमनेरलेच खेळायचं होतं. देवपुजारी मॅडमनं बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, तू आलास तर आपण जिंकू, म्हणून तुला घेता येत नाही. मले तर काही समजलंच नाही, ताई. तुम्ही विचारता का त्यांना?"

डॉ. शरयू देवपुजारी मेंदूविज्ञान केंद्राच्या प्रमुख होत्या. खेळाडूंच्या मेंदूची तपासणी त्यांच्याकडे असल्यामुळे निवड समितीत शेवटचा शब्द त्यांचा चाले. पण कुंदाच्या लेखी त्या याहून फार मोठ्या होत्या. आठ वर्षांपूर्वी नामदेवरावांना स्मृतिक्षय सुरू झाल्याचं निदान झालं, दोन वर्षांत ते घरच्यांची नावं विसरतील असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा शरयूताईंनी त्यांना हाती घेतलं होतं. आज नामदेवरावांना प्रत्येक सामन्याचा गुणफलक तोंडपाठ होता. गेल्या दसऱ्याला कुंदा शरयूताईंच्या पाया पडली होती.

"आत्ता येते," असं मंडळाच्या लोकांना सांगून ती मैदान ओलांडून केंद्रात गेली. शरयूताई खिडकीशी बसल्या होत्या. तिथून क्रीडागृहातला गोंधळ नीट ऐकू येत होता.

"मडावीले तुम्ही नाही म्हटलं?" कुंदानं उभ्याउभ्याच विचारलं.

"हो, मीच. बस, कुंदा."

"बसायले नाही आली मी. तो आला असता तर जिंकलो असतो हे खरं का?"

"खरं आहे. सगळं गणित तेच सांगत होतं. त्या मुलाला 'तू कमी पडलास' असं मला म्हणवलं नाही, म्हणून खरं ते सांगून टाकलं. चूकच झाली."

कुंदाला वाटलं आपण भलतंच काही ऐकलं. मग तिचा आवाज चढला. "म्हणजे तुम्ही मुद्दाम हरवून राहिल्या आम्हाला? कायले? असं काय घोडं मारलं गावानं तुमचं?"

"तुझ्या बाबांना मी कोणत्या गोळ्या देते?"

"त्याचं काय इथं?"

"साखरेच्या आहेत त्या," शरयूताई म्हणाल्या. "स्मृतिक्षयावर माझ्याकडे काय, जगात कुणाकडेच औषध नाही. तुझे बाबा बरे आहेत ते सामन्यांमुळे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. शाळेतल्या मुलांना सांगावं इतकं सोपं करून त्या सांगत होत्या, आणि तेच कुंदाला जास्त लागत होतं. माणसाला एखादी गोष्ट मनापासून हवी असते, ती अगदी हाताशी येते आणि निसटते. पण पुढच्या वेळी मिळेलच अशी खात्री त्याला वाटत असते. त्या अवस्थेत मेंदूच्या तळाशी एक द्रव्य स्रवतं. शरयूताईंनी त्याला 'उमेदिन' असं नाव दिलं होतं. सुकत चाललेल्या मज्जापेशींना उमेदिन पुन्हा फांद्या फुटवतं. हवं ते मिळालं की स्राव थांबतो, आणि आशा सुटली तरी थांबतो. संघ दणकून हरू लागला तर लोक वैतागून घरी बसतील, जिंकला तर तृप्त होऊन बसतील. थोडक्यात हरला, तरच दोन्ही होत नाही.

"मग त्याचं इंजेक्शन बनवा की!"

"बनवलं. रक्तातून मेंदूपर्यंत ते पोचत नाही. ज्याचं त्याच्याच डोक्यात तयार व्हावं लागतं. तुमच्या हातातली पट्टी तेच मोजते. आरडाओरडा मोजत नाही ती."

कुंदानं मनगटाकडे पाहिलं. या पट्ट्या तिनं स्वतः घरोघरी वाटल्या होत्या. न घालणाऱ्यांशी भांडली होती. तिला आपलीच लाज वाटली.

"आपण चषक जिंकलो ते वर्ष आठवतं तुला?" शरयूताईंनी हळूच विचारलं.

आठवत नाही असं कसं होईल? त्या एकाच वर्षी, बाबांचा आजार उद्भवायच्या आधी, कळमनेर जिंकलं होतं. गुलालानं रस्ते लाल झाले होते, आणि कुंदाची आई, गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारी आई, ट्रकपुढे नाचली होती. तिलाही हाच आजार होता, पण तोवर ती ठणठणीत होती. त्याच दिवाळीत तिनं फराळाचं ताट पुढे करणाऱ्या कुंदाला विचारलं, "तू कोणाची वं बाई?" होळीच्या आत ती गेली. घरच्यांनी नशिबाला दोष दिला होता.

"ती एकटी नव्हती," शरयूताई म्हणाल्या. "माझे जवळजवळ सगळे रुग्ण त्या सहा महिन्यांत कोसळले. तेव्हाच मला उमेदिनाचा पत्ता लागला. आणि तेव्हाच मी निवड समितीत जागा मागून घेतली."

कुंदा खुर्चीत बसली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि कशाला आधी वाट द्यावी ते कळत नव्हतं.

"आणि खेळणारे पोट्टे? हरल्यावर आतमध्ये ढसाढसा रडून राहतात ते. त्यांना माहीत आहे?"

"नाही. ते जिंकायलाच खेळतात. तसं खेळले नाहीत तर तुम्हाला लगेच कळेल."

"त्या सुमेधचं काय मग? तारुण्य घालवणार तो इथं. त्याले काय मिळणार?"

"त्याला द्यायला माझ्याजवळ काही नाही," शरयूताई म्हणाल्या. एवढं बोलताना मात्र त्यांनी मान खाली घातली.

"देवासारखं मानलं तुम्हाला! पाया पडली मी तुमच्या! आणि तुम्ही आम्हाला उंदरासारखं पिंजऱ्यात पळवून राहिल्या." कुंदा उठली. "मी जाते आणि सगळ्यांना सांगते. आत्ताच्या आत्ता."

"सांग. मी अडवणार नाही. फक्त एवढं ध्यानात घे, की ज्याला हे कळलं त्याच्या मेंदूत उमेदिन तयार होत नाही. आपली आशा कुणीतरी घडवून आणलेली आहे हे एकदा समजलं की माणूस आशा धरूच शकत नाही. मी स्वतः किती वर्षांत सामना पाहिला नाही, ठाऊक आहे ना तुला?"

कुंदा दाराशी थांबली. तिला वडील आठवले होते, पण विचारलं तिनं दुसरंच.

"आणि माझं काय? मले तर कळलं आता."

"आईचा आणि बाबांचा, दोघांचाही दोष तुझ्यात उतरलाय. बाबांबरोबर तुझीही तपासणी केली होती, तेव्हा दिसला होता. तुला हे कळू नये अशी माझी फार इच्छा होती," शरयूताई म्हणाल्या.

"मग सांगितलं काऊन?"

"तू विचारलंस. आणि मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता गं."

कंटाळा! या बाईला कंटाळा आला म्हणून आपलं औषध संपलं, हे कुंदाला मैदान ओलांडताना पुन्हा पुन्हा जाणवत होतं. परत जाऊन त्यांना गदागदा हलवावं असं तिला वाटलं. पण क्रीडागृहाच्या पायरीवर लोक तिची वाट पाहत होते. त्यांनी तिला जवळजवळ उचलूनच आत नेलं आणि बाकावर उभं केलं. गोंधळ विझला. पहिल्याच रांगेत नामदेवराव होते.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" त्यांनी विचारलं. "फसवलं ना आपल्याले? बोल, कुंदे."

किती सहज घेतलं त्यांनी तिचं नाव. कुंदानं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागच्या चेहऱ्यांकडे. त्यात साठीचे होते, सत्तरीचे होते, आणि सगळे संतापानं लाल झालेले, पुरते जागे होते. सांगायचं ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं.

"मी सुमेधच्या खेळाचा व्हिडिओ पाहून आली आत्ता," ती म्हणाली. "खास दाखवला त्यांनी मले. त्याचा डावा हात पाहिला का कोणी? चाचणीत दुखावला होता म्हणून दिसला नाही आपल्याले. यंदाचं नाही सांगत मी, पण वर्षभरात हा पोट्टा काय करते ते पाहून घ्या."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. डाव्या हाताचं कुणाला तरी आठवलंसुद्धा. दुसऱ्यानं दुजोरा दिला. नामदेवरावांचे डोळे बारीक झाले, चेहऱ्यावर पोरकट हावरेपणा आला, आणि कुंदाच्या लक्षात आलं, की तीस वर्षांत पहिल्यांदाच आपण या जागी उभ्या आहोत आणि आपल्याला काहीही हवंसं वाटत नाही.

"ते सारं ठीक आहे," मागून एकजण ओरडला, "पण मडावीले काऊन सोडला?"

मघाचा तो रडवेला आवाज कुंदाच्या कानात होता.

"मडावी?" ती हसून म्हणाली. "उंची सोडली तर काय आहे त्याच्यात? नुसता बांबू. दम नाही, डोकं नाही. कमी पडला तो, म्हणून सोडला."

सगळं क्रीडागृह खो खो हसलं. त्यात सगळ्यात मोठ्यानं नामदेवराव हसत होते.