हाकेला ओ

दुपारची सुट्टी संपत आली होती आणि मी बायकोला बोलवायला निघालो. एवढंच काम होतं. बहात्तरचं साल. पाऊस नाही, सहकारी कारखान्याला गाळायला ऊस नाही. म्हणून कोयते घरात टांगून आम्ही सगळे पाझर तलावाच्या कामावर माती उपसत होतो. धर्मापुरीच्या अलीकडचा माळ. बांधापासून जवळच एक पडकं देऊळ होतं.

बायको रोज सुट्टीत तिथं जाऊन बसायची. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी हातात तशीच राहायची. देवळातल्या भिंतीला माणसाएवढी दगडाची बाई होती, पाय वर उचलून काटा काढणारी.

"तिच्या टाचंला भेगा हायेत," बायको एकदा म्हणाली. "कोरणारा लई येळ कुणाच्या तरी पायाकडं बघत बसला असंल."

"दगड बघून पोट भरतं का?"

"तुमी कधी माझ्याकडं तेवढं बघितलंय?"

मी उठून पाटी उचलली.

त्या दुपारी वारा पडला होता. माळावर चिटपाखरू नव्हतं. देवळाच्या पायरीवर आलो तर आतून ओल्या मातीचा वास आला. विहिरी तळाला गेलेल्या, ओल कुठली?

उन्हातून आत शिरलो, डोळ्यांपुढं अंधार झाला. मग हळूहळू दिसायला लागलं. दोघी बसल्या होत्या. माझ्याकडं पाठ, डोक्यावर पदर, एकमेकींना चिकटून. वाटलं, सोबतीला आमच्या टोळीतली रतनबाई आली असेल. भिंतीकडं मी बघितलंच नाही. दोघींतली माझी कोणती, ते पाठीवरून मला कळेना.

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "ए... चल."

एक उठली. दुसरी हलली नाही.

मी पुढं, ती मागं. वळून पाहिलं नाही.

बांधावर रतनबाई पाटी भरत होती.

"तू देवळात न्हवतीस?" मी विचारलं.

"म्या? सकाळपासनं हितंच मरतीय की. कावून?"

तेव्हा मी बायकोकडं पाहिलं. लुगडं तिचंच. टाचांकडं पाहिलं. भेगा होत्या. पण आधी कशा होत्या, ते मला ठाऊक नव्हतं. हनुवटी, हातावरचं गोंदण, सगळं पहिल्यांदाच बघत होतो. ती उभी राहिली. बघू दिलं तिनं.

"तिथं दुसरी कोण होती?"

"तुमी जिला बोलावलं, ती आली," ती हळू म्हणाली.

कारकुनानं हजेरी सुरू केली. मान खाली घालून तो नावं वाचायचा.

"सत्यभामा आप्पाराव."

बायको माझ्या शेजारी होती. ती बोलली नाही. ते नाव भलत्याच कुणाचं असल्यासारखी समोर बघत राहिली.

"हाय जी..."

ओ आली ती देवळाच्या बाजूनं. दमलेला, ओळखीचा आवाज. कारकुनानं मान वर न करता खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

मी धावत देवळात गेलो. जन्मात पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं. ओ आली नाही. दगडाची बाई भिंतीत होती, पण तोंड आतल्या बाजूला करून. पाय खाली टेकलेले. जवळ जाऊन मी तिला नीट पाहिलं. पदराला ठिगळ होतं, वाकड्या टाक्यांचं, दगडात कोरलेलं. त्यावर हात ठेवला. दगड घामानं भिजला होता.

नंतर तलाव झाला, देऊळ पाण्याखाली गेलं.

माझ्यामागं आलेली ती आता आत चुलीपाशी आहे. भाकरी चांगली करते. कमी बोलते. माझं जेवण होईपर्यंत समोर बसून माझ्याकडं बघते. लई वेळ बघते. पापणी हलत नाही.