पुलापलीकडची गाडी

ऐकून कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. पण हे घडलेलं आहे. ॲदेल्मो अजून त्याच घरात राहतो, आणि खालच्या मजल्यावरची आर्जियामावशी आजही क्रूसाला हात लावून हे सांगते.

मोदेनाजवळचं, पानारो नदीच्या काठावरचं गाव. साल छप्पन, नोव्हेंबर महिना.

रात्र नव्हती. भरदुपार होती. फक्त धुकं होतं.

ॲदेल्मो त्या दुपारी पायी घरी आला. गल्लीत शिरल्यावर त्याने नेहमीसारखं वर पाहिलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीची काच स्वच्छ होती...

वाफ नव्हती.

जिना चढायच्या आधीच त्याला कळलं, की वर काहीतरी बरं नाही.

या गावात शर्यतीच्या गाड्या बनवणारा एक छोटा कारखाना होता. वर्षाकाठी पाच-सहा गाड्या. शेजारच्या मारानेल्लोच्या मोठ्या कारखान्याचं नाव जगभर, यांचं नाव नदीपर्यंत. पण गाड्या पळायच्या. नवी गाडी तयार झाली की ॲदेल्मो ती चाचणीसाठी सकाळी डोंगरात घेऊन जायचा, वळणावळणांतून पिटाळायचा आणि जेवायच्या वेळेला पूल ओलांडून परत यायचा.

पुलावर तो दोनदा गिअर उतरवायचा. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा. गर्र... गर्र...

कारखान्याच्या गल्लीत घड्याळाकडे कोणी बघत नसे. ज्या बाईचा नवरा गाडी घेऊन गेलेला असेल, ती चुलीवर पाणी उकळत ठेवी आणि कान पुलाकडे लावून बसे. कितीही गाड्या येऊ देत, आपल्या माणसाचा हात तिला बरोबर ओळखू येई. दुसरा गिअर पडला की हाताने कापलेल्या शेवया उकळत्या पाण्यात. नवरा हात धुऊन बसेपर्यंत ताट समोर.

ॲदेल्मोची बायको दिर्चे ठेंगणी होती. वाफेने काच भरली की ती तळहाताने स्वतःच्या उंचीवर एक गोल पुसायची आणि त्यातून गल्लीत बघायची. तो वर आला की सुरू.

"आज तिसरा गिअर खरवडलास. पुलावर कोणी पोरगी उभी होती काय?"

"होती ना. तुझ्यापेक्षा उंच होती."

"मग तिच्याकडेच जायचंस जेवायला. मी शेवया मांजराला घालते."

त्या दिवशी गाडी पुलापर्यंत आलीच नाही. पूल लागायच्या जरा अलीकडे, डोंगराच्या बाजूला, इंजिन ठसकलं आणि बंद पडलं. धुक्यात ओढून न्यायची सोय नव्हती. एका चेरीच्या बागवाल्याच्या गोठ्यात ॲदेल्मोने गाडी ढकलून ठेवली आणि चालत निघाला.

दिर्चे खिडकीजवळच्या खुर्चीत होती. कपाळ काचेला टेकलेलं. चूल विझलेली. पाणी आटून टोप काळा पडलेला. फळीवर शेवया फडक्याखाली तशाच.

"हृदय," डॉक्टर म्हणाले. "तिला काही कळलंही नसेल."

ॲदेल्मोला एवढंच दिसत होतं, की ती ऐकत बसली होती... आणि गाडी आली नव्हती.

त्यानंतर त्याने गाडी चालवली नाही. पुढच्या मे महिन्यात भर रस्त्यावरच्या एका मोठ्या शर्यतीत माणसं मेली, आणि तसल्या शर्यतीच बंद झाल्या. छोट्या कारखान्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. हाही बंद पडला. गोठ्यातली गाडी थकलेल्या पगाराऐवजी एर्मेसच्या गळ्यात पडली. एर्मेस म्हणजे कारखान्याचा मिस्त्री, ॲदेल्मोचा जुना सोबती.

पुन्हा नोव्हेंबर आला. पुन्हा धुकं.

ॲदेल्मो स्वयंपाकघरात बसून पाव आणि चीज खात होता. चूल पेटवणं त्याने सोडूनच दिलं होतं.

डोंगराच्या बाजूने आवाज आला...

इंजिन.

त्याने घास खाली ठेवला. ते इंजिन तो झोपेतही ओळखला असता. आवाज उतारावरून खाली आला. वळला. पुलाजवळ आला...

आणि थांबला.

गिअर उतरलाच नाही.

मग त्याच्या मागे, थंड चुलीवर, झाकण वाजायला लागलं. खळखळ पाणी उकळल्यासारखं. तो वळला. चुलीवर काही नव्हतं. टोप त्याने केव्हाच भंगारवाल्याला दिला होता.

पण खिडकी...

खिडकीची काच आतून वाफेने भरली होती. तो बघत असतानाच त्या वाफेवर एक गोल उमटला. हळूहळू. तळहाताएवढा. ॲदेल्मोच्या छातीच्या उंचीवर.

खालून आर्जियामावशीची हाक आली. "अरे पोरा! कोणासाठी पाणी ठेवलंयस? केव्हाचं झाकण वाजतंय!"

त्याने चुलीवर हात ठेवून पाहिला. चूल थंडच होती.

त्या हिवाळ्यात दर धुक्याच्या दुपारी हे होत राहिलं. मावशीने ऐकलं. पाववाल्याच्या बायकोने ऐकलं, आणि तिने त्या गल्लीतून येणंच बंद केलं. ॲदेल्मो मात्र दुपारी घराबाहेर पडेनासा झाला. पहिले काही दिवस त्याला भीती वाटली. मग तो टेबलावर दोन पेले मांडू लागला.

एक दिवस एर्मेस आला. टोपी न काढताच उभा राहिला.

"लेका, गाडीला ठिणगी देणारा मॅग्नेटो नवा घातला. एका हिसक्यात सुरू होते. शनिवारी फ्लोरेन्सचा एक वकील येतोय, बघून विकत घेऊन जाणार. डोंगरातूनच परस्पर. म्हटलं, त्याआधी..."

"त्याआधी काय?"

"मावशीने सांगितलं मला सगळं. तू एकदा ती पूल ओलांडून आण. दोन गिअर उतरव. तिचं राहिलेलं होऊन जाऊ दे."

"तुला हे खरं वाटतं?"

एर्मेस खिडकीकडे बघत म्हणाला, "मला काही वाटत नाही. पण काल ताडपत्री काढली. वर बोटभर धूळ होती, आणि खाली बॉनेट कोमट होतं."

शुक्रवारी दुपारी धुकं एवढं होतं, की गोठ्याच्या दारातून बाग दिसत नव्हती. ॲदेल्मो वर्षाने गाडीत बसला. इंजिन लगेच सुरू झालं. हातांना सगळं आठवत होतं.

पुलाच्या तोंडाशी आल्यावर पलीकडच्या काठावर धुक्यात पिवळा उजेड दिसला. त्याची खिडकी. निघताना घरात दिवा नव्हता.

काच वाफेने पांढरी झाली होती. मध्ये गोल होता.

गोलामागे कोणीतरी होतं...

पाय क्लचवर गेला. हात गिअरवर. गर्र... गर्र... एवढंच करायचं होतं. शेवया पाण्यात पडल्या असत्या. तिचं ऐकत बसणं संपलं असतं.

आणि उद्या?

उद्या काच स्वच्छ असती. परवाही. पुढच्या साऱ्या नोव्हेंबरांत.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. त्या शांततेत, नदीवरून, झाकण वाजल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

एर्मेस धावत आला. "काय झालं? मॅग्नेटो?"

"हो," ॲदेल्मो म्हणाला.

तो मॅग्नेटो एर्मेसने स्वतःच्या हाताने बसवला होता. त्याने ॲदेल्मोच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडीला खांदा लावला. दोघांनी ती परत गोठ्यात ढकलली. वकिलाला एर्मेसने इंजिनाला तडा गेलाय म्हणून सांगितलं.

संध्याकाळी जिन्यात आर्जियामावशी वाट अडवून उभी होती.

"मी ऐकलं. पुलापर्यंत आलास."

ॲदेल्मो एक पायरी खाली थांबला.

"पोरा, ती बिचारी किती ताटकळणार? तुला दया येत नाही?"

"येते, मावशी."

"मग?"

तो बाजूने वर निघून गेला. वरून दार लागल्याचा आवाज आला, मग टेबलावर पेले ठेवल्याचा. एक... आणि दुसरा.

धुकं पडलं की आजही ते इंजिन पुलापर्यंत येतं आणि थांबतं. ज्यांनी ते ऐकलंय, ते त्या वेळी पुलावर थांबत नाहीत.

गाडी अजून गोठ्यात आहे. पूल ओलांडायचा राहिला आहे.