नानांची घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी भाग्येशनं शहाद्याहून आंबे आणले. घागर मात्र मुद्दाम आणली नाही. आखाजीला घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. त्याची वर्षाची तहान भागते म्हणे. पण नाना मेले नव्हते, हरवले होते. विसराळू झालेले त्याचे वडील लोटननाना होळीनंतर एका दुपारी केळीच्या बागेतून चालू लागले, ते परत आलेच नाहीत. त्यांचा फोन घरातच चार्जिंगला लावलेला होता.

शेजारच्या गुलाबकाकूनं मात्र कोरी घागर आणि डांगर ओट्यावर आणून ठेवलं. "प्रमिला, भरी टाक वं. तो जीव तिसावी ऱ्हायना व्हई."

"त्या जित्ता शेतस," आई ताडकन म्हणाली. "जित्ता मानूसनी घागर भरतस का?"

भाग्येशला बरं वाटलं. नानांना शोधायला त्यानं वेबसाइट काढली होती. वर फोटो, खाली कुणीही निरोप लिहावा अशी जागा. सुरुवातीला माणसं लिहायची. मग लोंढा आला. ऑनलाइन रमी, केस गळती, परदेशी गोळ्या... यंत्रं रात्रंदिवस ओकत होती. त्या ढिगाखाली 'खांडबारा स्टेशनवर असा म्हातारा बसलाय' हा एकच खरा निरोप दबून राहिला. भाग्येश पोचला तेव्हा बाक रिकामा होता. त्याच बाकावर तो डोकं धरून कितीतरी वेळ बसला.

परत आल्यावर संतापानं त्यानं चाळणी लावली. स्वच्छ, शुद्ध मराठी तेवढं पानावर. बाकी सगळं कचऱ्यात. कचरा तो उघडूनही बघत नसे.

"काही उनं का रे?" आईनं विचारलं.

"नाही."

"कचरामा दखं का?"

"त्यात काय असणार, माय? मशीन बडबडतं ते."

"तुन्हा नाना तरी पुस्तकमायलं बोलतस का?"

भाग्येशनं लॅपटॉप उघडला. बाहेर भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पंखा थांबला. खोलीत ओल्या मातीचा वास आला. घागर तर अजून कोरडीच होती.

कचऱ्यात रमीच्या जाहिराती. आणखी रमी. मग एका परदेशी बाईच्या नावाखाली एक ओळ...

'भाग्या, माले तीस लागनी.'

त्याला भाग्या म्हणणारे एक नानाच. तो खाली सरकत गेला. गोळ्यांच्या दुकानाच्या नावानं, 'पानी पाज रे पोऱ्या.' कॅसिनोच्या नावानं तीच तहान. मग पुन्हा... पुन्हा... चाळणीनं सगळं इमानानं फेकून दिलं होतं.

त्यानं लिहिलं, 'नाना, कठे शेतस तुम्ही?'

उत्तर लगेच आलं. केसांच्या तेलाच्या नावानं.

'बाकवरच शे. तू उना व्हता. मन्हाजवळ बसना व्हता... माले दखं नही.'

आई मागे उभी होती. तिनं ओठ हलवत ती ओळ वाचली. रडली नाही. ओट्यावर गेली, माठातलं पाणी घागरीत ओतलं. अर्ध्यात हात थांबला.

"माय, नको," भाग्येश ओरडला. "अजून शोधू आपण... मी उद्याच जातो..."

"किती तिसाडशी रे त्यास्ले?"

घागर काठोकाठ भरली. वर डांगर ठेवलं.

पडद्यावर एक ओळ आली. 'जीव थंड व्हई गया.'

भाग्येशनं तोंड झाकून हुंदका दिला. डोळे पुसून पाहिलं, तर ओळी पळत होत्या. रमी, गोळ्या, कर्ज, कधी न ऐकलेल्या देशांतली नावं. लोंढा तोच, नावं तीच. पण जाहिरात एकही नव्हती. प्रत्येक नावाखाली एकच...

'माय, आमले बी.'

'माय, आमले बी.'

"भाग्येश..." ओट्यावरून आईचा आवाज आला, अगदी बारीक. "अठे ये जरा."

डांगर घागरीच्या तोंडावर तसंच होतं. आईनं ते उचललं. भाग्येशनं आत हात घातला.

तळाला ओलसुद्धा नव्हती.